ताईच्या सीटखालचा ठोक्या

आमच्या दुकानाच्या शटरवर आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं होतं: 'विजेच्या गाड्या घेत नाही. कारण विचारू नये.' कारण कोणी विचारलं नाही तरी हे सांगायचेच. "ती काय गाडी आहे? फ्रिजला चाकं लावलीत नुसती. चालू केली तरी गप्प, बंद केली तरी गप्प. त्यात मी बेस कुठे घालू?"

खरं कारण मी सांगते. त्या गाड्यांत आमच्यासाठी काही उरलेलंच नसतं. रेडिओ टचस्क्रीनच्या पडद्यात, पंखा पडद्यात, आणि सीट काढावी तर खाली बोटाएवढी जाड नारिंगी केबल, हात लावू नका असं दटावणारी. तीस वर्षं गाड्यांना स्पीकर बसवलेला माणूस अशा गाडीपुढे पहिल्या दिवशीच्या उमेदवारासारखा उभा राहतो. आणि नवखं दिसणं आमच्या ह्यांना अजिबात सोसत नाही.

दुकान आम्ही दोघं मिळून चालवतो. कान ह्यांचे, हात माझे. वायरिंग, सोल्डरिंग, फ्यूज, सगळं माझ्याकडे. हे डोळे मिटून उभे राहतात आणि "डाव्या दारात एक क्लिप सैल आहे" असं सांगतात, आणि मेली असतेच सैल. काम झालं की आमची एक परीक्षा असते. गाडीच्या टपावर एक सुटा स्क्रू ठेवायचा आणि सगळ्यात खालचा सूर वाजवायचा. स्क्रू थरथरत चालायला लागतो. चालत चालत टपाच्या कडेवरून खाली पडला, की काम पास. गिऱ्हाईकं शिट्ट्या मारतात. स्क्रू मधेच थांबला तर हे सगळं खोलून पुन्हा करतात, गिऱ्हाईक नको नको म्हणत असलं तरी.

तर त्या सोमवारी सकाळी मी अ‍ॅम्पला तार जोडत होते आणि दुकानाबाहेरचं पाण्याचं पिंप आडवं झालं. इंजिनाचा आवाज नाही, ब्रेकचा नाही, एकदम पाणीच दारात. बाहेर बघते तर एक कोरी पांढरी व्हॅन पिंपाला ढकलत चालली होती, आणि तिची ड्रायव्हर तिच्याकडे पाठ करून, रस्त्यात उभी राहून आम्हाला हात हलवत होती. तोंडभर हसू. आमच्या नणंदबाई.

"ताई! गाडी! गाडी चालू आहे!" हे बेंबीच्या देठापासून ओरडत धावले.

आता गंमत बघा, ताईंना ऐकूच येत नाही. अकरा वर्षांच्या असताना तापात कान गेले. त्रेचाळीस वर्षं झाली, आणि घाबरले की हे अजूनही त्यांच्यावर ओरडतात. मी पळत जाऊन व्हॅनमध्ये हात घातला आणि बटण दाबलं. पिंपाला पोचा आला होता, व्हॅनला नव्हता.

ताईंनी मागे वळून बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. "परत?" त्या म्हणाल्या. त्या बोलतात स्वच्छ, फक्त थोड्या मोठ्याने. समोरच्याचे ओठ वाचतात. त्यासाठी आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी मिशी वाढू दिली नाही. "तिसरी वेळ आहे ही. बेकरीत दोनदा मैद्याच्या पोत्यांना धडकवली मी."

ताई बेकरीची व्हॅन चालवतात. पहाटे पाव भरायचे आणि शाळा, कँटीन, दुकानं करत दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. बावीस वर्षांत ओरखडा नाही. जुन्या डिझेल व्हॅनला कानांची गरजच नव्हती. इंजिन सीटमधून वर यायचं. चालू आहे की बंद, चढावर दमलंय की सुटलंय, सगळं त्यांच्या पाठीला आणि तळव्यांना कळायचं. बेकरीवाल्या बाईंनी आता सगळ्या व्हॅन विजेच्या आणल्या. त्यातही स्वस्तातल्या. दार उघडलं आणि गाडी चालू राहिली असेल तर एक बारीक घंटी वाजते, बस्स. ज्या बाईला ती घंटी सगळ्यात जास्त हवी, तिलाच ती ऐकू येणार नाही.

"शुक्रवारी साडेआठला विमा कंपनीचा माणूस येणार आहे," ताईंनी सांगितलं. "माझी चाचणी घ्यायला. बाई चांगल्या आहेत गं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नाही जमलं तर आत पॅकिंगच्या टेबलावर बसा, काम तेवढंच राहील." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "मला नाही बसायचं टेबलावर. गाडीत मी कोणापेक्षा कमी नसते. बाकी सगळीकडे माणसं माझ्याशी हळूहळू, तोंड वेडंवाकडं करून बोलतात. रस्त्यावर मला हॉर्न देतात, इतरांना देतात तसाच."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "शटर पुसा."

"पण ती विजेची..."

"ती ताईंची आहे."

ताईंनी ओठ वाचले आणि भावाच्या पाठीत धपाटा घातला. "भोंग्या, कर ना काहीतरी. इतकी वर्षं दुनियेला हादरवतोस, मला एकटीला हादरव."

भोंग्या हे नाव त्यांनीच ठेवलेलं. कान गेले तेव्हा त्या बोलण्यासाठी रडल्या नाहीत, गाण्यांसाठी रडल्या. आठ वर्षांच्या भावाने घरातला रेडिओ लाकडी खोक्यात घातला आणि बहिणीचा हात खोक्यावर ठेवला. ताईंना गाणं तळहाताला लागलं. त्यांनी दोन बोटं वर करून हलवली: अजून. भावाने आवाज वाढवला. पुन्हा दोन बोटं. मग त्याने मोठा स्पीकर मिळवला, त्याहून मोठं खोकं बनवलं, आणि ताई दर वेळी अजून, अजून. आमचं अख्खं दुकान त्या दोन बोटांवर उभं आहे.

त्यामुळे त्या दिवशी ह्यांनी काय केलं असेल, ते सांगायलाच नको. संध्याकाळपर्यंत व्हॅनच्या सीटमागे दोन सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचे स्पीकर बसवले, प्रत्येक परातीएवढा. जुन्या डिझेल व्हॅनचं इंजिन रेकॉर्ड करून आणलं आणि जोडलं. मंगळवारी सकाळी ताई बसल्या, ह्यांनी बटण फिरवलं. पावाचे ट्रे नाचले, काचा वाजल्या, समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून बाहेर डोकं काढलं. टपावरचा स्क्रू चालला नाही, उडालाच.

एक फेरी मारून ताई परत आल्या. केस विस्कटलेले. "मिक्सरच्या भांड्यात बसल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि कळत काहीच नाही."

"कमी पडतंय," हे म्हणाले. "तिसरा लावतो."

"तिसरा लावाल तर त्यात तुम्हालाच कोंबीन," मी म्हटलं. यावर आमचं जे वाजलं ते इथे लिहीत नाही. शिंप्याने पुन्हा डोकं बाहेर काढलं होतं, एवढंच सांगते.

भांडण झाल्यावर मी कानात कापूस कोंबला, सीटवर बसले, डोळे मिटले आणि ह्यांना व्हॅन ढकलायला लावली. आधी हळू, मग जोरात, मग मागे. वूफर आपले धडधडत होते. हळू काय, जोरात काय, मागे काय, सगळं सारखंच. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आम्ही इंजिनाचा फोटो लावला होता. गाडी उभी आहे की पळतेय, हे त्या रेकॉर्डिंगला कुठे ठाऊक होतं? सारखं तेच मोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे लक्ष द्यायचं आपोआप बंद होतं, हे पंचवीस वर्षांच्या संसारावरून मला आधीच कळायला हवं होतं.

"आवाज नकोच आहे," मी उतरून म्हटलं. "गाडी काय करतेय ते ताईंना सांगायचंय. इकडचं तिकडे पोचवणारा दुभाष्या हवाय फक्त."

दुभाष्या आमच्या कपाटातच पडला होता. वूफरसारखाच, पण वर तो काळा कागदी पडदा नसतो. त्यामुळे आवाज करत नाही, ज्या वस्तूला बोल्टने आवळाल ती वस्तू हलवतो. आम्ही त्याला ठोक्या म्हणतो. शौकिनांनी मागवला, वापरला नाही, पडून राहिला. हे त्याला स्पीकरच मानत नव्हते. "मुका आहे तो," म्हणायचे. आता तोच मुका ताईंच्या सीटखाली, सीटच्या लोखंडी चौकटीला आवळला. आणि डॅशबोर्डखाली गॅरेजवाले तपासणीसाठी पिन लावतात ते सॉकेट असतं ना, तिथून मी व्हॅनचं बोलणं घेतलं. त्या सॉकेटमधून व्हॅन सतत सांगत असते, मी चालू आहे, वेग इतका, पेडल इतकं दाबलंय, पुढे चाललेय की मागे. अंगठ्याएवढी सर्किटची पट्टी आणि एक छोटा अ‍ॅम्प मधे बसवला आणि त्या आकड्यांचे ठोके केले. ते जमवायला मंगळवारची दुपार आणि अर्धा बुधवार गेला, आणि माझ्या जिभेवर दोनचार नवीन शिव्या आल्या.

मग जुळवाजुळव. इथे आमच्या ह्यांची खरी पंचाईत झाली. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना कानांवर जाड बोळे लावून सीटवर बसवलं आणि ताईंनी विचारलं, "काय वाटतं?"

"काही ऐकू येत नाही," हे केविलवाण्या तोंडाने म्हणाले.

"ऐकू नकोस रे. बस नुसता. पाठ ढिली सोड."

बावन्नाव्या वर्षाकडे झुकलेला माणूस आपल्या बहिणीकडून बसायला शिकत होता. हळूहळू ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. "ताई, तू रोज हे... असं चालवायचीस? बावीस वर्षं?"

"मग काय!"

पुढचे दीड दिवस ताईंनी दोघांनाही राबवलं. गाडी चालू करून उभी असेल तर सीटखाली मांजर झोपल्याएवढं हवं, जास्त नको. वेग वाढला की ठोके जवळजवळ यावेत. चढावर जड. मागे जाताना दोन-दोन ठोके, म्हणजे चूक व्हायला नको. हे हळूच हात घालून जोराचं बटण थोडं पुढे करायचे, सवयच ती. ताई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायच्या, "भोंग्या, हात काढ." गुरुवारी संध्याकाळी सगळं जुळलं. सबवूफर आम्ही काढून टाकले होते. टपावर स्क्रू ठेवला तर तो जागचा हलेना, आणि हे म्हणाले, "पास." स्क्रू न हलता त्यांनी असं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. व्हॅन दुकानातच ठेवून आम्ही खुशीत घरी गेलो.

शुक्रवारी सात वाजता शटर वर केलं तर व्हॅन मेलेली. किल्लीला दाद देईना, दिवा लागेना. ताई बटण दाबत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मोठी बॅटरी आदल्या दिवशीच गच्च भरलेली. पण ती मोठी बॅटरी जागी करायला विजेच्या गाडीतही एक छोटी साधी बॅटरी असते, आपल्या नेहमीच्या गाड्यांत असते तशी. ती रिकामी झाली होती. भरल्या घराची किल्ली हरवावी तसलं ते.

मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. रात्री काय चालू ठेवलंत, कशाला हात लावलात, तुम्हाला धीर कसा तो नाही! हे बिचारे "अगं, मी नाही, मी नाही" करत राहिले. बोलता बोलता मी टॉर्च घेऊन खाली वाकले आणि माझी बोलती बंद झाली.

वायर माझ्या हातची होती. अ‍ॅम्पला जागं करणारी एक बारीक पिवळी वायर असते. ती किल्लीच्या स्विचला लावायची, म्हणजे गाडी बंद झाली की अ‍ॅम्पही झोपतो. पण काम चालू असताना मी ती थेट बॅटरीला जोडते, सारखी किल्ली फिरवायला नको म्हणून, आणि शेवटी काढून जागेवर लावते. कधी विसरले तर बंद गाडीत स्पीकर गुणगुणत राहतात, आणि हे दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतात, "पिवळी राहिली!" पंचवीस वर्षं माझ्या विसरभोळेपणावर ह्यांच्या कानांचा पहारा होता. ठोक्या काही गुणगुणत नाही. मुकाच तो.

"माझीच चूक," मी म्हटलं. ताईंना दिसावं म्हणून समोर जाऊन पुन्हा म्हटलं. "ताई, माझीच चूक आहे हो."

हे मागच्या शेडमध्ये गेले आणि राणीचं कापड ओढून काढलं. राणी म्हणजे ह्यांची आवाजाच्या स्पर्धेची गाडी. कपाटातल्या ढाली सगळ्या तिच्या. तिच्या डिकीत नुसत्या बेससाठी चार बॅटऱ्या, आणि त्या डिकीला मला, म्हणजे लग्नाच्या बायकोलाही, हात लावायची परवानगी नाही. ह्यांनी स्वतः राणी मागे मागे घेत व्हॅनला भिडवली, मनगटाएवढ्या केबल काढल्या, आणि चिमटे लावले. व्हॅनमध्ये कुठेतरी ठक झालं. पडदा उजळला.

ताईंनी सीटवर हात ठेवला होता. "आहे," त्या म्हणाल्या. "मांजर आलं."

मी पिवळी वायर स्विचला लावली, तीनदा ओढून बघितली. हे तेवढ्यात राणीची एक बॅटरी सोडवून व्हॅनमध्ये बसवत होते. "अहो, गाडी चालू झाली की छोटी बॅटरी आपोआप भरते, याची गरज नाही," मी सांगितलं.

"माहितीये," हे म्हणाले, आणि बोल्ट आवळत राहिले. तीन बॅटऱ्यांवर राणी पुन्हा ढाल जिंकणार नाही, हेही त्यांना माहीत होतं.

बरोबर साडेआठला आम्ही बेकरीच्या आवारात होतो. विम्याचा माणूस उंच, सडपातळ, खिशाला चार पेनं. त्याने सीटखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"ठोक्या," हे अभिमानाने म्हणाले. त्याने कागदावर काय लिहिलं कोण जाणे.

तो पुढे बसला, मी मागे ट्रेमध्ये, वायरिंग माझं म्हणून. ताईंनी व्हॅन अशी नेली की बशीतला चहा सांडला नसता. चढावर सुटली, उतारावर धरली, अरुंद गल्लीतून मागे घेतली. मला माझ्या मांडीखालच्या ट्रेमधून ते दोन-दोन ठोके अगदी बारीक जाणवत होते. मी सगळा वेळ पिवळ्या वायरला मनातल्या मनात हात जोडत होते.

परत आवारात येऊन ताई थांबल्या, आणि नेमकं तेव्हाच सगळं एकदम झालं. विम्याच्या माणसाने सहीसाठी कागद पुढे केला. बेकरीवाल्या बाई खिडकीशी येऊन घाईघाईने विचारायला लागल्या, शाळेचे पाव आज कोण नेणार. हे पलीकडून हातवारे करत होते, काय झालं, काय झालं. ताईंनी सही केली, बाईंना हसून काहीतरी उत्तर दिलं आणि दार उघडलं. घंटी वाजली. बारीक, किणकिण. गाडी चालूच होती. मला ऐकू आली, त्या माणसाला आली, त्याने पेन उचललं. ताईंचा एक पाय जमिनीवर टेकला. मी ओरडणार होते. ओरडून काय उपयोग होता?

ताई उठता उठता थांबल्या. परत सीटवर टेकल्या. तळवा सीटवर ठेवला, क्षणभर तसाच, आणि पुढे वाकून बटण दाबलं. घंटी थांबली. मग त्या उतरल्या.

विम्याच्या माणसाने उघडलेलं पेन बंद करून खिशात ठेवलं. "घंटी ऐकू आली तुम्हाला?" त्याने ओठ स्वच्छ हलवत विचारलं.

"कसली घंटी?" ताई म्हणाल्या.

तो पहिल्यांदाच हसला. "शाळेचे पाव याच नेतील," त्याने बाईंना सांगितलं.

आमचे हे धावत आले आणि व्हॅनच्या दारात उभे राहिले. सवयीने ताईंचा हात धरून सीटवर ठेवला आणि भुवया उंचावल्या. बटण चालू केलं, सीटखालचं मांजर जागं झालं. हे ताईंच्या बोटांकडे बघत होते. मला माहीत होतं ते कशाची वाट बघतायत. त्रेचाळीस वर्षं ती दोन बोटं वर जाताना त्यांनी पाहिली होती.

बोटं वर गेली नाहीत. ताईंनी तळहात आडवा धरला आणि हळूच खाली दाबला.

ही खूण ह्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुरे म्हणतायत," मी सांगितलं.

"पुरे?" त्यांनी ताईंना विचारलं. "थोडंसंसुद्धा नको?"

"नको रे. एवढंच हवं होतं मला." ताईंनी त्यांच्या गालावर चापटी मारली, मैद्याचा पांढरा हात उमटला, आणि आमचे हे, दुनियेला हादरवणारे, त्या आवारात सगळ्यांदेखत लहान मुलासारखे रडले. मीही रडले, आणि या वेळी मला राग आला नाही.

ट्रे भरले गेले. ताई बसल्या, आरशात बघितलं आणि व्हॅन मागे घेतली. दोन-दोन ठोके पडत असणार. आम्हाला दोघांना काहीही ऐकू आलं नाही. फाटकापाशी वळून त्यांनी हॉर्न दिला, गरज नसताना, आणि निघून गेल्या.

"घरी जाताना रंगाचा डबा घेऊ," हे नाक पुसत म्हणाले. "शटरवर नवीन लिहायचंय."